मिस्त्रीच्या खुब्याची मंजुरी

फोटोत पेशंटचे डोळे मिटलेले आहेत, एवढं कारण देऊन एका मेंढपाळाची फाईल मला परत आली होती. मी हे रचून सांगत नाही. मी गेवराईत हाडांचा डॉक्टर आहे. बारा खाटांचा दवाखाना, एक ऑपरेशन थिएटर, तीन सिस्टर. सरकारी विमा योजनेत माझ्या दवाखान्याचं नाव आहे, म्हणून ज्याच्या खिशात काही नाही तोही माझ्याकडं येऊ शकतो. पण योजनेची अट अशी, की ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यायची. पेशंटला खाटेवर झोपवून त्याचा फोटो काढायचा, एक्स-रे, रेशनकार्ड, आधार सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं आणि वाट बघायची. कुठल्यातरी मोठ्या शहरात बसलेला एक डॉक्टर, ज्यानं हा पेशंट जन्मात पाहिला नाही, तो ठरवणार की हाड मोडलंय का नाही. त्याला शंका आली की क्वेरी येते. क्वेरीचं उत्तर दिलं की दुसरी क्वेरी येते.

तो मेंढपाळ शिरूर कासारकडचा, पंचविशीतला. हायवे ओलांडताना मागं राहिलेली दोन मेंढरं आणायला वळला आणि मोटारसायकलनं त्याला उडवलं. मांडीचं हाड खुब्यात बसतं तिथं त्याला एक गोळा असतो आणि गोळ्याखाली मान असते. ती मान मोडली होती. या मोडण्यात सगळा खेळ वेळेचा. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा बारीक असतात आणि त्या पिळल्या जातात. एका दिवसाच्या आत हाड जागेवर बसवून स्क्रू मारले तर गोळा बहुतेक वाचतो. उशीर झाला की तो आतल्या आत मरतो, आणि ते कळायला सहा-आठ महिने जातात. मंजुरीशिवाय ऑपरेशन केलं तर त्या पेशंटला योजना कायमची बंद आणि सगळा खर्च दवाखान्याच्या बोकांडी. तेवढा दम माझ्यासारख्याला वर्षातून चार-दोन वेळाच असतो. त्या महिन्यात तो नव्हता. मी थांबलो. वेदनेनं ओठ चावणाऱ्या माणसाला आम्ही डोळे उघडे ठेवायला लावून दुसरा फोटो काढला. मंजुरी चौथ्या दिवशी आली.

पुढच्या वर्षी तो मला हायवेच्या कडेला लंगडत मेंढरांमागं जाताना दिसला. त्यानं ओळख ठेवून हात वर केला. मी गाडी थांबवली नाही, माझी हिंमतच झाली नाही.

हे सगळं मी ज्यांच्यापुढं जाऊन ओकलो ते आमचे सर. बीडला त्यांचा साठ-सत्तर खाटांचा दवाखाना. शिकून बाहेर पडल्यावर मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. पहिला खुबा त्यांनी माझा हात धरून बसवून घेतला होता. माझ्या दवाखान्याची फीत त्यांनीच कापली. माझी बायको म्हणायची, तुम्ही माझ्या वडिलांना नाही भीत तेवढं सरांना भिता. ते खरंच होतं, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

सरांनी मेंढपाळाची सगळी हकिकत ऐकली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रडत काय बसलास? नियमच बदलून घेऊ." त्यांनी तिथंच बसून मागणी लिहिली. ज्या मोडण्यात तासांना किंमत आहे तिथं आधी ऑपरेशन करू द्यावं आणि कागद मागून घ्यावेत, दवाखाना छोटा असो की मोठा. शेवटचे चार शब्द त्यांनी माझ्यासाठी वाचून दाखवले. मी त्या दिवशी पाऊण तासाचा रस्ता गाणी म्हणत परत आलो.

निवेदनं दोनदा दिली. दोन्ही वेळा चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही. तेव्हा सरांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जिल्ह्यातले आम्ही तेवीस डॉक्टर जमलो. गेवराई, आष्टी, शिरूर, सगळीकडचे. ठरलं असं, की सोमवारपासून हाडाचा योजनेतला एकही पेशंट भरती करायचा नाही. जो येईल त्याचं मोडलेलं हाड आधाराला बांधून, दुखणं कमी करून बीडच्या सिव्हिलला पाठवायचं. आणि दया आली म्हणून मागच्या दारानं फुकटसुद्धा करायचं नाही, कारण तसं केलं की वरून सांगणार, बघा, कुणाचं काही अडलेलं नाही.

"ठरतंय सगळं, पण पाळणार कोण?" असं कुणीतरी म्हणालं. सर उठले आणि कपाटातून खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी आणि बेलाची पानं घेऊन आले.

आमच्याकडं शब्द पक्का करायचा तर बेलभंडारा उचलतात. भावकीतलं भांडण मिटवायचं असो नाहीतर ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम शब्द देणार असो, एकदा भंडारा उचलला की त्यानंतर कुणी कागद मागत नाही. सर म्हणाले, "आपण सगळी खेड्यातलीच पोरं. सही करून मोडणारे मी लई बघितले. भंडारा उचलून मोडणारा एक दाखवा." आष्टीचे एक मुसलमान डॉक्टर होते, ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "आपली जबान तोच आपला भंडारा." सगळे हसले. मग एकेकानं पुढं होऊन बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलला. सगळ्यात आधी सरांनी उचलला. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात डॉक्टरांनी स्टॅम्पपेपर केला असता, सह्या घेतल्या असत्या, कुणाच्या दवाखान्यात काय चाललंय हे बघायला दोन माणसं नेमली असती. आमच्यातल्या कुणाला ते सुचलंसुद्धा नाही. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण उचललेला भंडारा कुणी मोडतो यावर त्याहून कमी होता.

सोमवारी मनगट मोडलेली एक म्हातारी आली. मी तिला पट्टी बांधून बीडचा रस्ता दाखवला. ती म्हणाली, "लेकरा, हात हातात तरी घे की." मी घेतला नाही. घेतला असता तर पाठवता आलं नसतं.

गुरुवारी मिस्त्री पडला.

माझ्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडं, त्याचं गॅरेज. मी त्याला कायम मिस्त्रीच म्हणत आलो आणि तो मला साब. माझी पहिली स्कूटर त्यानं चालू ठेवली, नंतर गाडीही त्यानंच. एकदा ऑपरेशन चालू असताना लाईट गेली आणि जनरेटरही बसला, तर हा समोरून पळत आला आणि दहा मिनिटांत जनरेटर चालू करून, हात पुसत, चहा न घेता परत गेला. त्याची बायको, आमच्या भाभी, ईदला शीरखुर्म्याचं पातेलंच पाठवायच्या, कारण वाटीत त्यांचं भागत नसे. अशी पंधरा वर्षांची ऊठबस.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला टेम्पोखालून बाहेर येताना तो गाड्या दुरुस्त करायच्या खड्ड्यात पडला. चार माणसांनी त्याला फळीवर घालून, हायवेवरच्या ट्रका थांबवत, माझ्याकडं आणलं. वय चव्वेचाळीस. एक्स-रे काढला. तीच मान. पण हाड जागेवरून सरकलं होतं जेमतेम रेघभर. डॉक्टरनं मागून घ्यावं असं मोडणं होतं ते. तीन स्क्रू आणि तासाभराचं काम. स्क्रू माझ्या कपाटात होते. भूल देणारे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत राहतात. थिएटर रिकामंच होतं, सोमवारपासून.

"साब, लई दुखायलंय," मिस्त्री म्हणाला. "पण तुमी हाईत म्हणून आपल्याला टेन्शन न्हाई."

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, माझ्या दारातला माणूस आहे. योजनेत दाखवतच नाही, फुकट करतो."

"फुकटसुद्धा नाही असं ठरलंय आपलं," सर म्हणाले. "तू उचलला होतास ना? आज तू दार उघडलंस की उद्या बावीस उघडतील. मेंढपाळ विसरलास का तू? या एकासाठी मन घट्ट कर, म्हणजे पुढचे शंभर वाचतील."

मेंढपाळाचं नाव काढल्यावर माझा फुकटचा हट्ट संपला. मग सर मऊ आवाजात म्हणाले, "तुझ्याकडं ॲम्ब्युलन्स नाही. आमची गाडी तिकडंच आलीय, ती पाठवतो. सिव्हिलला नीट पोचवेल. मी सांगून ठेवतो." मला भरून आलं. एवढ्या धामधुमीत या माणसाला माझ्या ॲम्ब्युलन्सची आठवण आहे, असं वाटलं.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. "तुमी न्हाई करणार?"

"नियमाचं भांडण चाललंय, मिस्त्री. बीडला लवकर होईल."

त्यानं मान खाली टेकवली. भाभींनी एवढंच विचारलं, "तिथं तुमच्या वळखीचं हाय ना कुणी?" मी म्हटलं, "सर बोललेत." गाडी आली, मी स्वतः स्ट्रेचरला हात लावला आणि दार बंद केलं.

शनिवारी दुपारी भाभींचा फोन आला. "साब, मंजुरी अजून आली न्हाई म्हणतेत. तुमी जरा तुमच्या सरला सांगा की."

मला काही उमगेना. सिव्हिल म्हणजे सरकारीच दवाखाना, तिथं कसली मंजुरी? मी विचारलं, "भाभी, तुम्ही आहात कुठं?"

त्यांनी सरांच्या दवाखान्याचं नाव सांगितलं.

सरांचा फोन लागत नव्हता. मी गाडी काढली. रस्ताभर मी सरांच्या बाजूनं कारणं शोधत होतो. सिव्हिलला जागा नसेल, भाभींनीच हट्ट केला असेल, ड्रायव्हर चुकला असेल. माणूस फसला तरी किती वेळ फसवणाऱ्याची वकिली करतो, हे मला त्या पाऊण तासात कळलं.

वॉर्डात शिरलो तर दारालगतच्या खाटेवर ती मनगटवाली म्हातारी, हाताला प्लास्टर. तिनं मला ओळखलं आणि तोंड भिंतीकडं केलं. पुढं आणखी तिघं, प्रत्येकाच्या खाटेला योजनेची पट्टी. आम्ही बावीस जणांनी दारं लावली होती आणि सरांची गाडी तालुक्यातालुक्यातून परत पाठवलेली माणसं गोळा करत फिरत होती. शेवटच्या खाटेवर मिस्त्री. पायाला वजन लावलेलं, ओठ सुकलेले. दोन दिवस झाले होते. क्वेरी आली होती, की अपघात आहे म्हणून पोलिसांचा कागद जोडा. स्वतःच्या गॅरेजात स्वतःच्या खड्ड्यात पडलेल्या माणसानं तक्रार कुणावर करायची? त्याचा भाऊ तो कागद आणायला गेवराईला गेला होता.

"आलात व्हय साब," मिस्त्री हसून म्हणाला. "आता हुईल."

सर केबिनमध्ये होते. मला बघून उठलेसुद्धा. "ये, ये. जेवलास का?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही भंडारा उचलला होता."

"अरे, पेशंट दारात आल्यावर परत पाठवू का मी? मला नाही जमत असलं."

हे त्यांनी मला सांगितलं. दोन दिवसांपूर्वी माझ्या दारातला माणूस मला परत पाठवायला लावून, स्वतःच्या गाडीत घालून नेला आणि वर मलाच माणुसकी शिकवत होते. मी म्हटलं, मग निदान गुरुवारीच ऑपरेशन का नाही केलं? ते म्हणाले, "मंजुरीशिवाय? नियम आहे तो." मी म्हटलं, आत्ता घेऊन जातो, तासाभरात करतो. ते शांतपणे म्हणाले, "ने की. पण त्याचं नाव आता आमच्याकडं चढलंय. इथून काढायचं, मग तुझ्याकडं पहिल्यापासून. आणि पुढं काही बिघडलं तर दोन दवाखान्यांत फिरवला म्हणून तूच अडकशील."

मला तेव्हा टेबल उलथून टाकायला हवं होतं. मिस्त्रीला पाठीवर घालून न्यायला हवं होतं. मी काय केलं, तर "बरं सर" म्हणालो. इतक्या वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. वॉर्डात जाऊन मिस्त्रीला सांगितलं, की काळजी करू नको, आणि गेवराईला परत आलो. ऑपरेशन रविवारी दुपारी झालं. कामात खोट नव्हती. सरांचा हात चांगलाच आहे, तेही सांगितलं पाहिजे.

महिना-दीड महिन्यात नियम खरंच बदलला. आमची मागणी मान्य झाली, वेळेच्या मोडण्यात आधी ऑपरेशन, मागून कागद. मात्र पन्नास आणि त्याहून जास्त खाटांच्या दवाखान्यांनाच. बाकीच्यांनी पूर्वीप्रमाणे मंजुरी घ्यावी. पेपरात फोटो आला, त्यात सर हार घालून मधोमध, आणि कधीतरी निवेदन देतानाचा आमचा जुना फोटो बाजूला लहानसा. नियमावर लक्ष ठेवायला जी समिती नेमली तिच्यावरही सरच. त्यांनी मला पेढे पाठवले. वर फोन, "सुरुवात मोठ्यांपासून झालीय, हळूहळू तुमच्यापर्यंत येईल. नाराज होऊ नको." आमच्या मागणीतले ते चार शब्द, छोटा असो की मोठा, कुणी आणि कुठल्या टेबलावर खोडले हे मी विचारलं नाही. त्यांनी आमचा केसानं गळा कापला होता आणि मी पेढ्यांबद्दल त्यांचे आभार मानले. पेढे सिस्टरांनी खाल्ले. मी त्या खोक्याला हात लावला नाही. आष्टीच्या डॉक्टरांनी मात्र सरांना तोंडावर सुनावलं आणि योजनाच सोडून दिली. त्यांची जबान त्यांनी पाळली, एवढा एकच माणूस मला त्या प्रकरणात उजळ दिसला.

आठ महिन्यांनी मिस्त्री रस्ता ओलांडून माझ्याकडं आला. काठी टेकत, भाभींच्या खांद्यावर हात ठेवून. गॅरेजात आता तो स्टुलावर बसून नुसतं सांगायचा आणि काम भाऊ करायचा. मी एक्स-रे लावला. बघायची गरज नव्हती, त्याच्या चालण्यावरूनच मला कळलं होतं. गोळा चपटा झाला होता. आता सगळा खुबाच बदलावा लागणार होता.

मी त्याला ते सांगितलं. तो काठी टेकत त्या काळ्यापांढऱ्या फिल्मजवळ गेला. मग बोट लावून म्हणाला, "हे तीन स्क्रू. हे तुमच्याकडं त्या दिवशी हुते का, साब?"

मी नाही म्हणू शकलो असतो. त्याला खरं वाटलं असतं, आणि मलाही पुढं कधीतरी वाटायला लागलं असतं.

"होते," मी म्हटलं.

"मग कावून न्हाई केलं?"

मी सगळं सांगितलं. मेंढपाळ, मागणी, भंडारा, सरांचा फोन, गाडी. सर कसे फिरले, आम्हाला कसं तोंडघशी पाडलं, हे सांगताना माझा आवाज चढला. मिस्त्री ऐकत होता. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज कसा येतो ते सांगतं तेव्हा तो जसा ऐकतो, मान किंचित कलती करून, तसा. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हंजी तुमीबी मंजुरीच मागितली की. त्या कंप्युटरवाल्याला न्हाई मागितली, सरला मागितली. आमी हितं फळीवर पडलेलो आन् तुमी भाईर फोनवर."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आतापर्यंत मी स्वतःला फसवलेला माणूस समजत होतो, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसाला कुणी फसवलं हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

भाभी एक्स-रे पाकिटात घालत होत्या. मी म्हटलं, "मिस्त्री, खुबा मी बदलतो. इथंच. मंजुरी येवो न येवो, उद्याच घेतो तुला."

मिस्त्रीनं काठी हाताशी ओढली, टेबलाला धरून सावकाश उठला आणि म्हणाला, "राहू द्या, साब. आता काय घाई हाय."